भटूचे कान

मिलमधून फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गाला शिकवत होते. पलीकडून कोणीतरी ओरडून बोलत होतं, मागे यंत्रांची घरघर, त्यात एकही शब्द धड लागेना. मी आपली सवयीनं "हो, हो, ठीक आहे" म्हणाले आणि फोन ठेवला. धडा अर्धा राहिला होता, तो पुढे वाचायला घेतला. मला वाटलं, भटूनं निरोप पाठवला असेल, आज जेवायला उशीर होईल म्हणून. दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला. या वेळी बोलणारा माणूस यंत्रांपासून लांब, मिलच्या बाहेर रस्त्यावर येऊन बोलत होता, आणि त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू आला… म्हणजे माझा भाऊ गेल्याचं मला एकदा सांगून झालं होतं, आणि मी त्यावर "ठीक आहे" म्हणाले होते.

हे आधीच सांगून टाकते, कारण भटूविषयी लिहायचं तर माझ्या या खोडीविषयी लिहिल्यावाचून सुटका नाही. समोरच्याचं ऐकून होण्याआधीच उत्तर देऊन मोकळं व्हायचं. सत्तावीस वर्षं सुरतेच्या मराठी शाळेत शिकवल्यानं ही खोड लागली असं मी लोकांना सांगते, पण ते खरं नाही. मी लहानपणापासून अशीच. भटू माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा, आणि माझ्या अगदी उलटा. तो आधी ऐकायचा, पुन्हा ऐकायचा, मग दोन दिवस गप्प बसायचा, आणि त्यानंतर कोणी विचारलंच तर बोलायचा. त्याला जाऊन आता सात आठवडे झाले. या दिवसांत घरी आलेल्या प्रत्येकानं मला सांगितलं की तो किती साधा होता, किती अबोल होता. तो अबोल नव्हता हो… त्याचं बोलणं पुरं होऊ देईल असं माणूस त्याला घरात मिळालं नाही.

आमचं घर मूळचं अमळनेरकडचं. वडील तरुणपणी सुरतेला आले, लूम्सच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात लागले आणि तिथेच म्हातारे झाले. ज्यांनी लूम्सचा कारखाना आतून पाहिला नाही त्यांना तो आवाज सांगून कळायचा नाही. शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावून किंचाळायचं, नाहीतर हातवाऱ्यांवर भागवायचं. बारा तास असे काढून वडील घरी आले की पानात मीठसुद्धा ओरडून मागायचे. त्यांचं ऐकून आम्ही सगळेच वरच्या पट्टीत बोलायला शिकलो. घरात कोणी हळू बोललं तर आई त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. अशा घरात भटू जन्मला, आणि पाळण्यात असल्यापासून भांडं पडलं की दचकून रडायचा. थोडा मोठा झाल्यावर वडिलांचा डबा पोचवायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा तो दोन्ही कानांत सुताचे बोळे कोंबून जायचा. कारखान्यातली माणसं त्याला हसायची. मीही हसायची. पुढे कधीतरी त्यानं मला सांगितलं की त्याला डबा घेऊन जायला आवडायचं, कारण कधीमधी तो तिथे असतानाच वीज जायची. "लाइट गई ना आक्का, का मंग माले सगळं आयकू ये." पत्र्यावर चालणारी चिमणी, कोणीतरी ओढलेली काडी, वडिलांचा श्वास… हे सगळं त्या शांततेत एकदम बाहेर यायचं, म्हणे. वडिलांना त्यातलं काहीच ऐकू येत नसे. चाळिशीतच त्यांचे कान गेले होते.

दहावीनंतर भटू सुरतेतच, पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलमध्ये लागला आणि हळूहळू शेड मास्तर झाला. व्यापाऱ्यानं रंगाचा एक नमुना दिला की मिलमध्ये रंगलेला सगळा कपडा त्या नमुन्याशी जुळतो की नाही, हे ठरवणारा माणूस म्हणजे शेड मास्तर. त्यासाठी आता यंत्रं आहेत, पण शेवटी डोळाच लागतो, आणि भटूचा डोळा त्या मिलमध्ये मानला जायचा. त्याचे दोन नियम होते. ओला कपडा पास करायचा नाही, कारण ओल्यात रंग नेहमीच गडद आणि छान दिसतो, खरा काय आहे ते वाळल्यावर कळतं. आणि ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात नेऊन पुन्हा बघायचा, कारण काही रंग खोलीत सख्खे वाटतात आणि उन्हात सावत्र निघतात. व्यापाऱ्यांची माणसं घाई करायची, चिडायची, वरपर्यंत तक्रारी न्यायची. हा आपला इस्त्रीखाली तुकडा वाळवत उभा. लाल रंगाचा कपडा बघून झाला की पुढचा हातात घेण्याआधी तो पाच मिनिटं भिंतीवरच्या एका राखाडी पुठ्ठ्याकडे बघत बसायचा, डोळ्यांतला लाल उतरावा म्हणून. त्यावरून मिलमध्ये त्याचं नाव "पुठ्ठा मास्तर" पडलं होतं.

हीच सगळी शिस्त त्यानं पुढे कानांना लावली. एका व्यापाऱ्याच्या मुलानं कंटाळून टाकून दिलेले इयरफोन त्यानं भटूला दिले होते. कानाच्या आत बसणारे, आणि साधे नव्हेत, अगदी भारीतले. त्यांच्यात भटूला बहुतेक ती वीज गेल्यानंतरची शांतता सापडली असावी. तेव्हापासून असे उंची इयरफोन मिळवायचे, ऐकायचे आणि त्यांचा आवाज पारखायचा, हे त्याचं दुसरं आयुष्य झालं. देशभरात अशा वेड्यांची एक मंडळी आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. नवं, महागडं काही बाजारात आलं की त्याचा एक संच यादीप्रमाणे गावोगाव फिरतो. एकेकाकडे सात दिवस. सातव्या दिवशी आपलं मत लिहायचं आणि पेटी यादीतल्या पुढच्या माणसाकडे पाठवायची. एवढी किमती वस्तू निव्वळ शब्दावर सुरतेहून मैसूरला आणि मैसूरहून गुवाहाटीला जाते आणि कोणी ती ढापत नाही, याचंच मला त्या आवाजापेक्षा जास्त कौतुक वाटायचं.

पहिल्या दिवशी भटू काहीही लिहीत नसे. विचारलं की म्हणायचा, "वल्लं शे आजून." ओलं आहे अजून. नवा आवाज पहिल्या दिवशी गोडच लागतो, आणि जो जास्त चमकतो तो जास्त गोड लागतो, तीन दिवसांनी तोच टोचायला लागतो. दोन इयरफोन ताडून बघायचे तर आधी दोन्हींचा आवाज अगदी सारखा मोठा करून घ्यायचा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो आणि माणूस फसतो. खोलीत ऐकून झालं की तेच गाणं शहर बसमध्ये बसून ऐकायचं, म्हणजे उन्हात नेऊन बघायचं. एक संच उतरवल्यावर दुसरा लावण्याआधी अर्धा तास कानात काही नाही, कोणाशी बोलणं नाही. त्याचा उजवा कान डाव्यापेक्षा बारीक होता, म्हणून इयरफोनच्या तोंडाशी असतात ती रबरी बोंडं तो दोन मापांची लावायचा. बोंड नीट बसलं नाही तर खालचा भरदार आवाज सगळा गळून जातो आणि लोक खापर मात्र इयरफोनवर फोडतात. एवढं सगळं करून मत दोन वाक्यांचं. "ढोलकी छान आहे, पण सगळे जण एकाच चटईवर दाटीनं बसलेत." "गळा स्वच्छ आहे, आत माणूस नाही." किंमत तो सगळ्यात शेवटी बघायचा, आणि पुष्कळदा ती बघून नुसता हसायचा.

यापायी त्याचं लग्न राहिलं असं नातेवाईक म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. धुळ्याहून एक स्थळ बघायला येणार होतं. ठरलेल्या वेळेच्या तासभर आधीच ती मंडळी दारात हजर, आणि भटू ओट्यावर डोळे मिटून, दोन्ही कानांत ते इयरफोन घालून बसलेला. आमच्या वस्तीत निम्म्या पुरुषांचे कान लूम्सनं नेलेले, त्यामुळे कानात काही दिसलं की ते बहिऱ्याचं मशीनच. मुलीच्या मामांनी त्याला दोनदा नाव विचारलं, हा ऐकण्यात गुंग. मंडळी चहा पिऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की मुलगा चांगला आहे, पण दोन्ही कानांनी गेलेला आहे आणि हे तुम्ही आमच्यापासून लपवलंत. सगळ्या सुरतेत ज्याच्याइतके तिखट कान सापडायचे नाहीत, तो बहिरा ठरला! मी तावातावानं फोन करायला उठले तर त्यानं माझा हात धरला. "जाऊ दे ना आक्का. त्यास्नी वल्लाच तुकडा रिजेक्ट करा." ओलाच तुकडा त्यांनी नापास केला, म्हणे. आम्ही तेव्हा खूप हसलो. पण त्यानंतर त्यानं दुसरं स्थळ बघू दिलं नाही. आई-वडील गेल्यावर तो दोन गल्ल्या सोडून त्यांच्याच खोलीत एकटा राहिला आणि संध्याकाळी जेवायला माझ्याकडे येत राहिला.

मला ऐकवायची त्याला फार हौस होती. सुरुवातीची काही वर्षं नवी पेटी आली की तो घेऊन यायचा. "आक्का, एकदाव आयक ना." मी कधी पीठ भिजवत असायची, कधी वह्या तपासत. उद्या, रविवारी, परीक्षा झाल्यावर. एका दिवाळीच्या सुट्टीत मात्र त्यानं मला धरून खुर्चीत बसवलं. सगळ्यात लहान मापाची बोंडं निवडली, ती स्वच्छ पुसली, माझा कान हलकेच वर ओढून एकेक इयरफोन आत बसवला. त्याचे हात इतके सावकाश चालले होते की जणू कानात नव्हे, डोळ्यातच काही घालायचं आहे. माझं सगळं लक्ष टेबलावरच्या पेपरांच्या गठ्ठ्याकडे. लवकर संपवावं म्हणून मी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाले, "वा! काय गोड आहे रे." मग मी डोळे उघडले तर तो माझ्यासमोर उकिडवा बसलेला, अंगठा फोनवर अधांतरी. "आक्का," तो म्हणाला, "गानं आजून लायेलच नही मी."

पोट धरून हसलो आम्ही. त्यानं हा किस्सा सगळ्यांना सांगितला, मीही शाळेत माझ्याच फजितीचा किस्सा म्हणून रंगवून सांगितला. मग त्यानं गाणं लावलं होतं की नाही, लावलं असेल तर मी काय ऐकलं, काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्यानंतर त्यानं मला "आयक ना" असं कधी म्हटलं नाही. अकरा वर्षं. आणि हे तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं. तेव्हा मला वाटलं होतं, चला, सुटले एकदाची.

आता जे लिहिणार आहे ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. जाण्याच्या चार दिवस आधी भटू नेहमीसारखा जेवायला आला होता. दोन घास खाऊन थांबला आणि म्हणाला, "आक्का, दोन-तीन दिन व्हयनात, माले छातीम्हा…" मी भाजी वाढत होते. मान वर न करता म्हणाले, "चहा कमी कर आधी. मिलमध्ये दिवसाला दहा कप पितोस. थांब, ओवा देते." डब्यातून ओवा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो चावून खाल्ला, पाणी प्यायला आणि जेवायला लागला. वाक्य तिथेच राहिलं. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, असं कोणालाच आधी कळत नाही. लोक म्हणतात, मनाला लावून घेऊ नका, तसं काही नसतं. मला ठाऊक आहे, तसं असतं. छातीत काय होत होतं, कधीपासून, कोणत्या बाजूला, किती वेळ… दोन इयरफोनांमधला केसाएवढा फरक सांगू शकणारा माणूस ते मला नेमकं सांगणार होता. मी त्याला सांगू दिलं नाही. सात आठवडे झाले, मी रोज ते वाक्य पुरं करायला बघते आणि मला ते येत नाही.

तेरावं झाल्यावर एका सकाळी हेतल आली. ती सुरतेचीच, अडाजणला राहते, लोकांना दुखण्यांवरचे व्यायाम शिकवायचं काम करते आणि भटूच्या त्या ऐकणाऱ्या मंडळींतली आहे. यादीत त्याच्यानंतरचं नाव तिचं. तो गेला तेव्हा फिरती पेटी त्याच्या कपाटात होती, जेमतेम दोन दिवसांपूर्वी आलेली. पेटीसाठी आले असं म्हणायला ती इतकी ओशाळली होती की बराच वेळ नुसती पदराशी चाळा करत बसली. मीच उठले, खोलीची किल्ली घेतली, म्हटलं चल, देऊन टाकते. तेव्हा ती म्हणाली, "बेन, उतावळ नथी. दरेकने सात दिवस मळे. भटूभाईना पांच दिवस बाकी छे. ए तमे लई लो." घाई नाही, प्रत्येकाला सात दिवस मिळतात, त्याचे पाच शिल्लक आहेत, ते तुम्ही घ्या. माझ्या भावाचे आणखी पाच दिवस कुठेतरी शिल्लक आहेत, असं मला सांगणारी ती एकटीच. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, एका अनोळखी मुलीच्या.

आम्ही त्याच्या खोलीत गेलो, कपाट उघडलं, तर पेटीखाली भटूची वही होती. मिलमध्ये रंगांची नोंद ठेवायला वापरतात तसली जाड वही, एका पानावर एक इयरफोन. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यानं कापडाचा एक तुकडा चिकटवला होता. एका इयरफोनला चकचकीत सॅटिन, एकाला खरखरीत कॅनव्हास, एकाला पातळ जॉर्जेट. आवाज हाताला कसा लागला असता ते त्यानं असं टिपून ठेवलेलं. शेवटच्या पानावर नुसतं नाव होतं, तुकडा लावायचा राहिला होता. मी मागची पानं उलटत गेले आणि मला धक्काच बसला. जिकडे तिकडे मी. "आक्का नाकात बोलते." "आक्का लांब गेली." "थाप फुगीर, बांगडी टोचते, आक्का रागीट पण खोटी." एवढ्या वर्षांत दोन-तीनच पानांवर लिहिलेलं, "आक्का खरी." मला वाटलं, त्या दिवाळीतली माझी खोटी "वा!" तो अजून विसरलेला नाही, आणि इतकी वर्षं त्या नावानं टोमणे लिहीत आलाय. मला रागच आला. वही मिटून मी हेतलला म्हटलं, बघ, माझ्याविषयी काय काय लिहून ठेवलंय. "आपको नहीं मालूम?" ती म्हणाली. "भटूभाई सबसे पहले तो आपको सुनते थे. गाना-बाना सब बाद में."

मग तिनं सांगितलं. भटूचं म्हणणं असायचं की गाणाऱ्यांचे आवाज आपण सगळे जन्मभर कुठल्या ना कुठल्या यंत्रातूनच ऐकतो, त्यातला खरा कोणता ते कोणाला माहीत आहे? मग ताडून कशाशी बघायचं? नमुना असा हवा जो आपण यंत्राशिवाय ऐकलाय, इतक्या वेळा ऐकलाय की त्यात सूतभर फरक पडला तरी कळावा. त्याच्याकडे असा एकच आवाज होता. त्यानं शेंगदाण्याएवढे दोन माइक आपल्याच कानांत बसवून एका संध्याकाळी माझ्या घरी गुपचूप तीन-चार मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं होतं, आणि पुढे हाती येणारा प्रत्येक इयरफोन तो आधी त्यावर लावून बघायचा. मंडळींतल्या सगळ्यांना हे माहीत होतं. गुवाहाटीच्या माणसालासुद्धा. मला सोडून सगळ्यांना.

ऐकायला मी रविवारची दुपार निवडली. त्याच्या खोलीत गेले, खिडकी लावली, आणि त्याच्या नियमाप्रमाणे अर्धा तास काही न बोलता, काही न करता बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. हेतलनं दाखवलं होतं तसा कान वर ओढून इयरफोन बसवले आणि भटूच्या फोनमध्ये तिनं शोधून ठेवलेलं ते रेकॉर्डिंग सुरू केलं. आधी काहीच नाही. मी घाबरून फोनकडे बघितलं, या वेळी खरंच सुरू केलंय ना म्हणून. मग डावीकडे, लांब, नळ ऐकू आला. मग भाकरीची थाप. चाळीस वर्षं मी भाकरी थापतेय, पण ती मी कधी ऐकली नव्हती. थाप, आणि तिच्या किंचित मागून बांगड्यांची बारीक किणकिण, पुन्हा थाप. माझं घर एवढं मोठं आहे, त्यात एवढ्या गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात, हे मला माहीत नव्हतं. डोळे मिटून बोटानं दाखवता आलं असतं, नळ तिथे, तवा इथे. त्यावरून तो कुठे बसला असेल तेही कळलं. बाहेरच्या खोलीत, दाराशेजारच्या खुर्चीत, स्वयंपाकघराकडे तोंड करून. त्याच्या कानांत शिरलेलंच मला ऐकू येत होतं, म्हणजे आत्ता त्या खुर्चीत मी बसले होते.

आणि मग हाक आली. "भटू, ये रे, भाकर गार हुई ऱ्हायनी." मी दचकले. मला मी नेहमी कर्कश वाटत आलेय, सगळ्यांच्या अंगावर ओरडणारी. हा आवाज मोठा होता, पण मऊ होता. याला मी अशी ऐकू येत होते… आणि मी थांबले. तो ओ देईल म्हणून. त्यानं दिली नाही, दिली असती तर रेकॉर्डिंग बिघडलं असतं. पुन्हा थाप, पुन्हा बांगड्या. "भटू! आयकू येत नही का तुले?" मी खोलीत एकटी बसून, कानांवर हात दाबून म्हणत होते, अरे, एकदा "उनू" म्हण, आलो म्हण. एक शब्द. पण सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज कुठेच नाही. मी नंतर पुन्हा पुन्हा ऐकलं, त्याचा श्वाससुद्धा मला सापडला नाही, इतका तो जपून, अंग चोरून, माझं ऐकत बसला होता.

पाचव्या दिवशी हेतल येऊन पेटी घेऊन गेली. यादीत भटूच्या नावापुढची मताची जागा तिनं कोरी ठेवली. मला विचारलं होतं तिनं, काही लिहायचंय का, पण मी सांगितलं की मला यातलं काही कळत नाही, आणि न कळता बोलणं मी आता सोडलंय. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. भटू बसमध्ये वापरायचा त्या साध्या इयरफोनवर मी ते रोज शाळेतून आल्यावर ऐकते, अर्धा तास गप्प बसून मग. त्या उंची इयरफोनइतकं ते स्पष्ट नाही, बांगड्या जरा कमी ऐकू येतात, पण मी खरी आहे का खोटी हे सांगायला आता कोणी नाही.

तिसरी हाक ही हाक नाहीच. मी स्वतःशीच बोलतेय, आवाज खाली गेलेला. "कथा गया हाऊ?" कुठे गेला हा… मग नळ बंद होतो. पदराला हात पुसल्याची सळसळ, आणि पावलं. ती समोरून येतात, एकेक जवळ होत जातात, स्वयंपाकघराच्या दाराशी आली की आवाज एकदम मोकळा होतो, आणि तिथेच सगळं संपतं. मी दिसले तसं त्यानं ते बंद केलं असणार. पुढे मी त्याला काय बोलले ते मला आठवत नाही. बोललेच असेन काहीतरी, त्याचं ऐकून न घेता. पण त्या दिवशी दोनदा बोलावून मी बाहेर आले, तेव्हा तो समोर बसलेला होता.